उचलला, आवाज नाही

“मग ते तिघं कुठं आहेत?”

उकिडवे सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

शार्दूलनं अजून बूटसुद्धा काढले नव्हते. एक पाय उंबऱ्यात, एक पायरीवर. पुण्याहून सिन्नरपर्यंत चार तास गाडी हाकत आला होता, तो काही दारात उलटतपासणी द्यायला नव्हे.

“कुठले तिघं, सर?”

“चौसष्ट लोकांची डोकी उघडलीस. एकसष्ट जणांचं लिहिलंस. तिघं उरले. ते कुठं आहेत?”

आतून सरांच्या बायकोचा, कावेरीबाईंचा आवाज आला.

“अहो, त्याला आत तरी येऊ द्या! लोकांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी विचारतात. आमच्याकडं आधी आकडा.”

शार्दूल हसला. सर हसले नाहीत.

डॉक्टर शार्दूल मोहोळकर म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. मेंदूचा सर्जन. वय बेचाळीस. हात असा की दुसरे डॉक्टर बघायला उभे राहायचे. आणि ते उभे राहिलेत, हे त्याला पाठमोरं असूनही कळायचं. एवढं कळलं की माणूस थोडा फुगतोच. तोही फुगला होता. पण कामात लबाडी करणारा नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक पुढचं वाचून भलतंच धरून बसतात.

उकिडवे सर त्याचे गुरू. ऐंशी उलटलेले. त्यांनीही जन्मभर मेंदू आणि मणके उघडले. तरुणपणी सात उन्हाळे विहिरी खोदणाऱ्यांच्या मागं हिंडले. विहिरीत पडलेल्या माणसाची मान कशी मोडते, हे शोधायला. शोधलं काय, तर पडून मोडतात त्याहून जास्त माना वर ओढताना मोडतात. बगलेत दोर घालून ओढतात ना, त्यानं. मग सर सायकलीवर गावोगाव सांगत सुटले, खाली फळी सोडा, तिच्यावर निजवून माणूस वर घ्या, नुसता दोर सोडू नका. ह्या माणसाला त्या कामाचं बक्षीस काय मिळालं? काही नाही. सायकलीची दोन चाकं बदलावी लागली.

पुढं त्यांनी डॉक्टर लोकांचं एक जर्नल काढलं. तीन महिन्यांनी एक अंक. संपादक तेच, मुद्रितं तपासणारे तेच, पाकिटांना डिंक लावणारे तेच. एकेचाळीस वर्षं झाली. त्या जर्नलचं शेवटचं पान भलतं होतं. मथळा ‘आमची चूक’. डॉक्टरनं स्वतःच्या हातून काय बिघडलं ते आपल्या नावानिशी लिहायचं. पहिली तीन वर्षं कुणी ओळसुद्धा पाठवली नाही. कोण पाठवणार? मग सरांनी बारा अंकांत स्वतःच्याच बारा चुका लिहिल्या. लोक म्हणाले, उकिडव्याला दुकान बंद करायचंय.

शार्दूल शिकत असताना त्या पानाला ‘रडगाणं’ म्हणायचा. मित्रांत बसून हसायचा. खोलीवर जाऊन गुपचूप वाचायचा.

आता त्याच जर्नलात त्याचा पेपर येणार होता. येणार होता म्हणजे, सरांनी हो म्हटलं तर.

आणि त्या पेपरावर सगळं होतं. छापून आला की त्या ऑपरेशनला त्याचं नाव लागणार होतं. मोहोळकर पद्धत. दोनदा त्यानं स्वतःच्याच तोंडून चुकून म्हणूनही टाकलं होतं.

काम तसं मोठंच होतं. मेंदूत डाव्या अंगाला बोलण्याची जागा असते. गाठ तिला खेटून आली की ती काढताना वाचा जायची भीती. जुनी रीत अशी, की रोग्याला अर्धवट जागं ठेवायचं. डोकं उघडं, आणि रोगी बोलतोय. बोलणं अडखळलं की हात थांबवायचा. सरांनी तसंच केलं आयुष्यभर. कुणाला पाढे म्हणायला लावले, कुणाला आरती. एका गवंड्याला तर शिव्या द्यायला लावल्या, कारण दुसरं त्याला काही न थांबता येतच नव्हतं. चार तास दिल्या त्यानं. नर्सबाई कानात कापूस घालून उभ्या.

शार्दूलच्या रीतीत रोगी गाढ झोपलेला. ती जागा यंत्रानं हुडकायची. वेळ निम्मा. रोग्याच्या जिवाला धास्ती नाही. आणि पेपराच्या पहिल्याच पानावर त्यानं लिहिलं होतं, एकाही रुग्णाची वाचा कायमची गेली नाही.

एकाही. शून्य.

असा आकडा ह्या धंद्यात कुणाचाच नव्हता.

“तिघांशी संपर्क झाला नाही, सर.” शार्दूल खुर्चीवर टेकत म्हणाला. “तसं लिहिलंय. पान सहा.”

“पान सहा वाचलं. बारीक अक्षरात आहे.”

“तळटीप आहे सर. ती बारीकच असते.”

“माणसं बारीक होती का?”

शार्दूलनं पाण्याचा तांब्या उचलला. उगाच. तहान काही नव्हती.

“सर, जगभर असंच करतात. जो सापडत नाही त्याला मोजणार कसं? तुमच्याच जर्नलमध्ये असे शंभर पेपर छापलेत.”

“छापलेत.”

“मग?”

“मग काय? शंभर वेळा चुकलो. एकशेएकावी वेळ तुझीच का, ते सांग.”

…

शार्दूलला राग आला. पण सरांपुढं राग दाखवायची सवय नव्हती, म्हणून तो हसल्यासारखं करून बोलला.

“सर, चौसष्टच्या चौसष्ट जणांना मी स्वतः फोन केलेत. ज्युनियरवर सोडलं नाही. ऑपरेशनला सहा महिने झाले की फोन. दर रविवारी दुपारी मी तेच करत बसायचो. बायको म्हणाली, माझ्याशी एवढं बोलला असतात तर संसार झाला असता.”

“खरंय तिचं,” कावेरीबाई आतून म्हणाल्या.

“काय विचारायचास फोनवर?” सरांनी विचारलं.

“नाव सांगा. गाव सांगा. सकाळी काय खाल्लं ते सांगा. काय सांगतात ते महत्त्वाचं नाही सर, कसं सांगतात ते बघायचं. अडखळतात का, शब्द सापडतो का. मी दहापैकी मार्क द्यायचो.”

“बोलता येतं की नाही, हे बघायला.”

“हो.”

“फोन करून.”

“हो सर. लोकांना पुण्याला हेलपाटा नको. घरबसल्या तपासणी. पद्धत म्हणूनही नवीन आहे. मी तर तिच्यावरही एक वेगळा पेपर…”

सर त्याच्याकडं बघत राहिले.

शार्दूल बोलायचा थांबला. का थांबला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

…

“वही आणलीयस?”

“आणलीय.”

“त्या तिघांपुढं काय लिहिलंयस, वाच.”

वही चांगली जाड पुठ्ठ्याची होती. अक्षर नीटनेटकं. शार्दूलनं पानं उलटली.

“एक, पैठणच्या बाई. नंबर बंद. दोन, सुरतेला गेलेला कामगार. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. तीन, कारभारी गांगुर्डे, अंदरसूल…”

“हं.”

“उचलला, आवाज नाही.”

“पुन्हा वाच.”

“‘उचलला, आवाज नाही.’ तिकडं लाइन खराब असते सर. येवल्याच्या पुढं गेलं की रेंजचं काही खरं नाही.”

“किती वेळा केलास?”

“पाच.”

“पाचही वेळा उचलला?”

“पाचही वेळा.”

“आणि पाचही वेळा लाइन खराब.”



सर उठले. उठायला त्यांना वेळ लागायचा, आधी एक गुडघा, मग दुसरा. कोपऱ्यातल्या स्टुलावर घरचा फोन होता, त्याच्यापाशी गेले. खिशातून शार्दूलचं कार्ड काढलं. डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा दाबला.

शार्दूलच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला.

“सर, मी इथंच आहे.”

“उचल.”

त्यानं उचलला. कानाला लावला. हसूही येत होतं. एवढा मोठा सर्जन, आणि चार हातांवरच्या म्हाताऱ्याशी फोनवर बोलतोय.

“हॅलो.”

सर रिसीव्हर कानाला लावून उभे होते. बोलले नाहीत.

“हॅलो, सर?”

काही नाही.

“हॅलो… हॅलो… बोला ना.”

सरांचे डोळे त्याच्यावर होते. ओठ मिटलेले. फोनमध्ये नुसता श्वास. म्हाताऱ्या माणसाचा, जरासा घरघरणारा.

“हॅलो! सर, काय चाललंय?”

शार्दूलनं फोन बंद केला.

सरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं.

“अकरा सेकंद थांबलास,” ते म्हणाले. “आणि मी तर तुला समोर दिसत होतो.”

…

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. सर परत खुर्चीत येऊन बसले.

“घरी सोडलास तेव्हा बोलत होता का तो?”

“…नाही.”

“नाही?”

“सूज असते सर. बऱ्याच जणांची वाचा पहिले काही दिवस बंदच असते. महिना-दीड महिन्यात येते. तुम्हीच शिकवलंय. एकसष्ट जणांतल्या वीस-बावीस जणांचं तसंच झालं, आणि सगळ्यांची आली.”

“आणि ते तिघं? घरी जाताना?”

शार्दूलनं वही मिटली. वही बघायची गरज नव्हती. त्याला पाठ होतं.

“तिघांचीही बंद होती.”

“काय करायचा हा कारभारी?”

“कांदा मार्केटात होता.” शार्दूलचा आवाज खाली गेला. “लिलाव पुकारायचा.”

कावेरीबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या.

शार्दूलला तो माणूस आठवला. आठवायचा नव्हता, पण आठवला. उंच, काळा, दाट मिशा. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी त्यानं खाटेवर उभं राहून हॉस्पिटलच्या उपम्याचा लिलाव मांडला होता. “बोला मंडळी, ताजा माल, पांढराशुभ्र माल, दगडासारखा टिकाऊ माल!” अख्खा वॉर्ड हसत होता. बोली मात्र कुणी लावली नाही. एक म्हातारा म्हणाला, फुकट दिला तरी नको. कारभारी म्हणाला, माल पडून राहिला तर मार्केट जबाबदार नाही.

शार्दूल राउंडला आला तेव्हा त्यानंही म्हटलं होतं, तुमचा आवाज कुठं जात नाही, काळजी करू नका.

असं म्हणू नये सर्जननं. तो म्हणाला होता.

“एकाचीच गेली असेल, सर.” शार्दूल एकदम म्हणाला. “धरून चालू, तिघांचीही गेली. चौसष्टात तीन. तुमच्या जुन्या रीतीत किती जायची?”

“जास्त.”

“किती?”

“माझ्या हातून दहात एक जायची.”

“मग माझी रीत चांगलीच आहे की!”

“चांगली आहे.”

शार्दूलला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“चांगली आहे?”

“फार चांगली आहे. मला तरुणपणी सुचली असती तर तो गवंडी चार तास शिव्या देत पडला नसता.”

“मग छापा ना, सर!”

“कारभारीला विचार.”

“त्याला काय विचारू?”

“छापू का म्हणून.”

“सर, तो बोलू…”

वाक्य तिथंच राहिलं.

…

शार्दूलनं मोबाइल हातात घेतला. वही उघडून नंबर लावला.  एक आकडा दोनदा चुकला.

त्यानं आवाज मोठा केला आणि फोन मधल्या तिपाईवर ठेवला. पेपराच्या गठ्ठ्यावरच.

रिंग गेली. तिसऱ्या रिंगला उचलला.

आवाज नाही.

नाही म्हणजे, माणसाचा नाही. कोंबड्या होत्या. लांब कुठंतरी ट्रॅक्टर होता. आणि नीट ऐकलं तर श्वास होता.

हे सगळं पाचही वेळा असणार. शार्दूलला कोंबड्या आज पहिल्यांदा ऐकू आल्या.

“हॅलो,” तो सवयीनं म्हणाला.

श्वास.

“हॅलो, कारभारीभाऊ?”

श्वास जरा जोरात झाला. घशात काहीतरी हललं, दाटलं, आणि तिथंच राहिलं.

शार्दूलचा अंगठा लाल बटणाकडं गेला. नुसत्या सवयीनं. पाच वेळची सवय. त्यानं सरांकडं बघितलं. सर छताकडं बघत होते.

अंगठा त्यानं मुठीत आवळला.

“कारभारीभाऊ, मी डॉक्टर मोहोळकर. पुण्याचा.” तो पुढं वाकला. “तुम्ही बोलू नका. म्हणजे… बोलायचं राहू द्या. ऐकू येतंय ना? येत असेल तर फोनवर बोट वाजवा. एकदा.”

…

…

टक.

कावेरीबाईंच्या हातातले कप एकमेकांवर वाजले.

“हो असेल तर एकदा,” शार्दूल म्हणाला. “नाही असेल तर दोनदा. जमेल?”

टक.

“बोलणं परत आलं का? थोडं तरी? एखादा शब्द?”

टक, टक.

“घरात कुणी आहे का आत्ता?”

टक, टक.

“शेतावर गेलेत सगळे?”

टक.

त्याचे पाचही फोन रविवारचे, आणि दुपारचेच. सगळं गाव कामावर असायच्या वेळेला. शार्दूलनं कपाळावरून हात फिरवला.

“मागं मी पाचदा फोन केला होता. तुम्हीच उचलायचात?”

टक.

“मी ठेवून द्यायचो…”

हा काही प्रश्न नव्हता. तोंडातून निघून गेलं होतं.

टक.

शार्दूलला बसवेना. तो उठला, परत बसला.

“मग वाचा येईना तर दाखवायला का नाही आलात हो? सहा महिने… वर्ष होत आलं. यायचं ना! हॉस्पिटल काय परकं होतं?”

तिकडून काही नाही. कसं येणार? ‘का’ला बोटानं काय उत्तर द्यायचं?

पण शार्दूलला त्याचं उत्तर आलं. कुणी न देता आलं. घरी सोडायच्या दिवशी तो कारभारीच्या खांद्यावर थाप मारून काय म्हणाला होता, ते आठवलं. तो सगळ्यांनाच तसं म्हणायचा. चांगल्या मनानं म्हणायचा. लोकांना धीर यायचा.

“मी म्हणालो होतो…” तो फोनकडं वाकला. “मी म्हणालो होतो, वाचा आली की पेढे घेऊन या. म्हणून आला नाहीत?”

ट्रॅक्टर थांबला होता. कोंबड्याही.

…

टक.

एकसष्ट जण पेढे घेऊन आले होते. काहीजण तर दोनदा. शार्दूलनं सगळ्या नर्सेसना वाटले होते आणि म्हणाला होता, बघा, सगळे आले.

सर अजून छताकडंच बघत होते. ह्या वयात माणसाचे डोळे उगाच पाणावतात म्हणतात. पाणावत असतील.

शार्दूलनं फोनखालचा पेपर हळूच ओढून घेतला. फोन हलू नये म्हणून एका हातानं धरून ठेवला. पहिलं पान काढलं. सरांचा लाल पेन्सिलीचा तुकडा तिपाईवर पडलेला होता, तो घेतला. ‘एकाही रुग्णाची’ ह्या ओळीवर रेघ मारली. एकदा मारून पुरेसं वाटेना म्हणून पुन्हा मारली, आणि कागद फाटला.

सरांनी बघितलं नाही. कावेरीबाईंनी बघितलं.

“कारभारीभाऊ,” तो म्हणाला, “चूक माझी झाली. तुमची नाही. तुम्हाला वाटलं असेल, आपलंच काहीतरी कमी पडलं. तसं नाही. वाचा नसेल तरच आधी यायचं असतं. हे मी सांगायला पाहिजे होतं.”

श्वास.

“बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या बाई असतात. आमच्याकडं एक आहेत. उशीर झालाय, आता सगळं येईल असं मी म्हणणार नाही. मागं एकदा असंच म्हणून बसलोय. पण थोडं येतं. माणसाचं नाव, पाणी, भाकरी, एवढं येतं बऱ्याच जणांना.”

श्वास.

“तुम्ही पुण्याला येऊ नका. मी येतो. इथून सरळ अंदरसूलला येतो. संध्याकाळपर्यंत पोचेन. तुमच्या घरच्यांपुढं सांगायचंय मला हे.” तो थांबला. “येऊ का?”

आता जे थांबणं झालं, ते फार मोठं होतं. अकरा सेकंद कधीच होऊन गेले. शार्दूल घड्याळाकडं बघत नव्हता. त्याच्या आयुष्यात त्यानं कुणाच्या हो-नाहीची एवढी वाट बघितली नव्हती. परीक्षेच्या निकालाची नाही, लग्नाच्या होकाराची नाही. ज्या पेपरासाठी चार तास गाडी हाकली, तो फाटून मांडीवर पडला होता आणि त्याच्या ध्यानात पण नव्हता.

नाही म्हणाला तर?

दोनदा वाजलं तर?

…

टक.

शार्दूल वाट बघत राहिला. दुसरं वाजतंय का.

नाही वाजलं.

त्यानं डोळे पुसले. शर्टाच्या बाहीनं, शेंबड्या पोरासारखे. मग खाकरला. पुन्हा डॉक्टर झाला.

“बरं मग. येतो मी. निघतोच.” फोनकडं हात नेला. “ठेवू का?”

टक, टक.

हात तिथंच थांबला.

“नको?”

टक.

“बरं… नाही ठेवत.”

आणि मग ते सुरू झालं.

टक टक. टक. मग थोडा वेळ काही नाही. मग टकटकटक, घाईघाईनं, जसं कुणीतरी खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाचा हात धरून एका दमात सगळं सांगतं तसं. मग एकदम हळू. एक. थांबून एक. मग पुन्हा जोरात, इतकं जोरात की तिपाई वाजल्यासारखं वाटावं.

शार्दूल गोंधळला. वही ओढून घेतली. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पण हे तीन होतं, पाच होतं, नऊ होतं. त्यानं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

“कारभारीभाऊ, डोकं दुखतंय का? दुखत असेल तर एकदा…”

टकटक टक टकटकटक.

“औषध संपलंय का? नाही? झोप लागत नाही? थांबा, एकेक विचारतो, थांबा…”

ते काही थांबेना. त्याच्या शब्दांवरून, शब्दांच्या मधून, ते चाललंच होतं.

कावेरीबाईंनी कप खाली ठेवले आणि दाराला टेकून तिथंच खाली बसल्या. चहावर साय धरली होती.

शार्दूलनं फोनवर तळहात धरला आणि सरांकडं वळून दबक्या आवाजात म्हणाला,

“सर, हे काय म्हणतोय? मी तर काही विचारलंच नाही.”

सरांनी त्याचा हात फोनवरून बाजूला केला.

“गप बस,” ते म्हणाले. “तो बोलतोय.”